विचारून लपवणारे वामनभाऊ

"तुम्ही काय करता?" असं कोणी विचारलं, की वामनभाऊ गंभीर चेहऱ्यानं सांगत, "लपवतो."

नक्षल्यांच्या भीतीत जगणाऱ्या, गडचिरोलीच्या जंगलातल्या एटापल्लीसारख्या गावात असं उत्तर मिळालं की नवखा माणूस दोन पावलं मागं सरकणारच. तो सरकला की भाऊंचं समाधान व्हायचं. मग ते हसून म्हणायचे, "कंपुटरातलं लपवतो गा. ज्याले जे नाई लागत, ते त्याच्या डोळ्यासमोरून काढून ठेवतो. पोलिसाले नको सांगू."

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत कुणीतरी देणगी म्हणून दिलेले जुने कॉम्प्युटर होते. त्यांच्यावर विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स घातलेलं. खोली सगळ्यांची, मशीन सगळ्यांची. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, अर्ज टाइप करायला येणाऱ्या बाया, सातबारा बघायला येणारे म्हातारे, सगळे एकाच खुर्चीवर आळीपाळीनं बसायचे. मेनू उघडला की त्यात हे एवढे प्रोग्रॅम. त्यातले निम्मे कशासाठी असतात ते आजही मला सांगता येणार नाही. कुणीतरी नको त्यावर दाबायचं, पडदा आडवा व्हायचा, अक्षरं मुंगीएवढी व्हायची, आणि पुढचा माणूस येऊन म्हणायचा, "भाऊ, मशीन बिघडली." भाऊंनी यावर काढलेला उपाय म्हणजे लपवणं. प्रोग्रॅम काढून टाकायचा नाही, तो असतो तिथंच असतो. फक्त मेनूत दिसत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमची एक छोटी फाइल असते, तिच्या शेवटी एक ओळ टाकली की झालं. मेनूत दाखवू नको, एवढंच सांगणारी ती ओळ टाकताना भाऊ मोठ्यानं म्हणायचे, "नो-डिस्प्ले बराबर ट्रू!" देवाच्या आरतीत शेवटचं कडवं म्हणतात त्या सुरात.

मी मूळची बीडकडची. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नवरा सूरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर लागला, म्हणून लेकराला घेऊन राज्याच्या या टोकाला आले. पहिले काही महिने इथली बोलीसुद्धा मला अर्धीच कळायची. कुणी "काऊन आली वो?" म्हणजे नुसतं का आलीस असं विचारलं, तरी मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं. वाचनालयात झाडलोट आणि पाणी भरण्याचं काम मिळालं, तेव्हा मी देवाला नारळ फोडला आणि त्याच दिवसापासून ते काम जाईल म्हणून घाबरायलाही लागले. माझा स्वभावच तसा आहे. हातात काही आलं की ते निसटेल या काळजीनं मी ते धड बघतही नाही.

भाऊंची नोकरी चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये झालेली. तिथून निवृत्त होऊन ते इकडं, भावाच्या घरी राहायला आले होते. पण कंट्रोल रूम त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. तिथं म्हणे कुठलंही बटण दाबायच्या आधी मोठ्यानं बोलून दाखवायचं आणि दुसऱ्यानं होकार दिल्याशिवाय हात लावायचा नाही. भाऊंनी ती रीत आमच्या खोलीत आणली.

"मी आता एंटर दाबून राह्यलो."

मग ते थांबत. बोट हवेत. अभ्यास करणाऱ्या पोरांपैकी कुणीतरी वर न बघता म्हणायचं, "दाबा!" तेव्हाच एंटर दाबला जायचा. कुणी बोललं नाही तर भाऊ तसेच बोट उचलून बसून राहायचे. एकदा सगळी पोरं ठरवून गप्प राहिली. भाऊंचं बोट हवेत, पोरांच्या माना पुस्तकात. शेवटी भाऊच म्हणाले, "अबे, कोणी तं म्हणा! हात दुखून राह्यला माहा." सगळी खोली हसली आणि एका सुरात "दाबा!" म्हणाली. शेजारच्या वाचन कक्षातले पेपर वाचणारे दोन आजोबा काय झालं ते बघायला आत आले.

दुसरी रीत टॅगची. वीज केंद्रात एखादं मशीन बंद ठेवायचं असलं की त्यावर लाल पुठ्ठ्याचा टॅग अडकवायचा, आणि तो ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसऱ्या कुणी काढला तर आत काम करणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. "मोठ्या साहेबाले बी तो हक नाई," भाऊ सांगत. त्यामुळं आमच्याकडंही दोरीत ओवलेले लाल पुठ्ठे होते. कुरकुर करणाऱ्या पंख्याला टॅग. गळक्या नळाला टॅग. आणि प्रत्येक कॉम्प्युटरला टॅग, त्यावर तो कशासाठी आहे ते लिहिलेलं आणि खाली भाऊंची सही. अभ्यासाचं मशीन, अर्जाचं मशीन, फोटो बघायचं मशीन. प्रत्येकाचा मेनू वेगळा, त्यात तेवढंच.

पूर्वी त्यांना खर्ऱ्याचं, म्हणजे घोटून खायच्या सुपारी-तंबाखूचं, व्यसन होतं. ते सुटलं, पण हाताची सवय सुटली नव्हती. प्लास्टिकच्या तुकड्यात बडीशेप घालून ते ती तासन्‌तास घोटत बसायचे, अगदी खर्रा घोटतात तशी. नवीन माणूस भिंतीवरची "खर्रा खाऊन आत येऊ नये" ही पाटी बघायचा, मग भाऊंच्या हाताकडं बघायचा, आणि गोंधळून जायचा.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती फडक्यामुळं. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जातात, त्यांची लाल धूळ दार बंद असलं तरी आत येते. मी रोज सकाळी मशीन पुसायची. एक दिवस पुसताना माऊसला धक्का लागला आणि काळा पडदा एकदम उजळला. मला वाटलं, झालं, मोडलं. मी भिंतीवरची सगळी बटणं बंद केली, पंख्यासकट, आणि अंगणात जाऊन उभी राहिले. भाऊ आले तेव्हा मी घामानं भिजलेली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भेव कशाचं लागते तुले?"

"सगळ्याचं."

"सगळ्याचं भेव नसते, बेटा. एक-एक चीज सांग."

मी म्हटलं, मला त्यातलं काही माहीतच नाही तर नाव काय सांगू? त्यावर त्यांनी दाराजवळचं मशीन चालू केलं, मला शेजारी बसवलं आणि मेनू उघडला. एकेका नावावर बोट ठेवून विचारायला लागले, "हे पाहिजेन काय? हे? याचं भेव लागते?" मी सगळ्याला मान हलवत गेले. ते लपवत गेले. मी "दाबा" म्हणायचे, ते दाबायचे. दुपारपर्यंत त्या मेनूत एकच गोष्ट उरली, लिहायचं पान.

"आता चुकून बी दुसरीकडं जाशीन कुठी?" ते म्हणाले. "रस्ताच नाई. लिही तुह्यं नाव."

मी सविता लिहिलं. सातवीनंतर बहुतेक पहिल्यांदाच कुठं एवढं मोठं लिहिलं असेल. त्या मशीनला भाऊंनी टॅग लावला, "नवीन माणसाचं मशीन". पुढं कितीतरी बाया त्यावर शिकल्या. जंगलातल्या एका गावाहून एक माडिया आदिवासी आजी नर्सिंग शिकणाऱ्या नातीचे फोटो बघायला यायची. फोटोच्या प्रोग्रॅमला काय म्हणू, असं भाऊंनी तिला विचारलं, आणि तिनं जो गोंडी शब्द सांगितला तोच मेनूत लिहून दिला. आजी तो शब्द वाचू शकत नव्हती. पण तिथं आपला शब्द लिहिलाय म्हणून बरोबरच्या प्रत्येकाकडून तो वाचून घ्यायची.

विचारल्याशिवाय लपवायचं नाही, हा भाऊंचा नियम होता, आणि तो एकदाच मोडला. आमच्या वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ते एक दिवस आले आणि म्हणाले, "वामनराव, पोरं पत्ते खेळतात म्हणे कॉम्प्युटरवर. सगळे खेळ आजच्या आज बंद." भाऊंनी सगळ्या मशीनवरचे खेळ लपवले. चार-पाच दिवसांनी दुपारी, खोली रिकामी असताना, अध्यक्ष स्वतः येऊन कोपऱ्यातल्या मशीनवर बसले. मी कपाट पुसत होते. ते मेनू उघडत, बंद करत, चष्मा पुसत, पुन्हा उघडत.

"वामनराव, या मशीनमध्ये काही बिघाड आहे का?"

"काऊन? काय दिसून नाई राह्यलं, साहेब?"

"नाही... म्हणजे... ते इथं हिरवं हिरवं असायचं."

भाऊंनी माझ्याकडं बघितलंही नाही. त्यांचे फार आभार, नाहीतर मला हसू आवरलं नसतं. ते शांतपणे म्हणाले, "चूक माही झाली. तुमाले न विचारता लपवलं." मग त्यांनी बोट हवेत धरून सांगितलं, "मी आता हिरवं हिरवं वापस आणून राह्यलो," आणि अध्यक्षसाहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "दाबा." पत्त्यांचा खेळ त्या एका मशीनवर परत आला, पण मेनूत त्याचं नाव आता "समितीचे काम" असं दिसायला लागलं. पुढं कित्येक दुपारी अध्यक्षसाहेब समितीचं काम करताना एकटेच "अरे वा!" म्हणायचे.

मग एका थंडीत भाऊंच्या मुलीचा चंद्रपूरहून फोन आला. ती दवाखान्यात कामाला, तिला बाळ झालेलं, रजा संपली की सांभाळायला कुणी नाही. भाऊ जायला एका पायावर तयार. ते जाणार ही बातमी समितीत गेली आणि प्रश्न आला, खोली कोण बघणार? भाऊंनी माझं नाव सांगितलं. मी दाराबाहेर चहाचे कप धरून उभी होते, आणि अध्यक्षांचं बोलणं मला ऐकू आलं, "बाई कष्टाळू आहे. पण सातवी शिकलेल्या माणसाच्या हाती सहा मशीन? त्यापेक्षा शाळेला देऊन टाकू."

"शाळेत कपाटात बंद होतीन ते. या बाया कुठी जातीन?" भाऊ म्हणाले. "शिवरात्रीच्या मार्कंड्याच्या जत्रेपर्यंत मी आहो, तवर पाहा. नाई जमलं तं कुलूप लावा."

माझा पगार त्या खोलीच्याच खर्चातून यायचा; तिला कुलूप लागलं म्हणजे माझंही काम गेलं. नवऱ्याच्या ट्रकचा भरवसा नव्हता, आणि काम गेलं असतं तर मला लेकराला घेऊन सासरी परत जावं लागलं असतं. मी एवढी धास्तावले की दुसऱ्या दिवशी मीठ घातलेला चहा सगळ्यांना पाजला. भाऊ तो सगळा प्यायले आणि म्हणाले, "मस्त आहे. पण उद्या साखर बी टाकून पाहू."

त्यांनी मला फाइल उघडून ओळ टाकायला शिकवलं. पण ती फाइल मुख्य फोल्डरमध्ये असायची आणि साठवताना पासवर्ड मागायची. पासवर्डचा डबा दिसला की मी तो लगेच बंद करून टाकायची. त्यामुळं भाऊ नसताना मी एक पळवाट काढली. मेनूतच एक प्रोग्रॅम होता, त्यात सगळ्या नावांसमोर बरोबरच्या खुणा असतात. खूण काढली की ते नाव मेनूतून जातं. पासवर्ड मागत नाही. भाऊंना तो प्रोग्रॅम आवडायचा नाही. "हा पोरखेळ आहे. टॅग कसा, मशीनवर लागला पाहिजेन." भाऊंनी दुसऱ्या मशीनवर मला माझ्या नावाचं वेगळं लॉगिन काढून दिलं होतं, त्यात मी तो पोरखेळ करत बसायची, आणि रोज एखादं नाव पुन्हा खूण लावून उघडायची. भीती गेली की खूण, असं.

जत्रा तोंडावर आली, तेव्हा एक दिवस नेट बरं चालत होतं म्हणून भाऊंनी सगळ्या मशीनना अपडेट देऊन टाकलं. जाण्याआधी सगळं टापटीप करून द्यावं, ही त्यामागची हौस. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी भरून आत आले तर खोलीत हशा चाललेला. प्रत्येक मशीनवर मेनू भरगच्च. लपवलेलं सगळं परत आलेलं. नवीन माणसाच्या मशीनवर एक बाई रडकुंडीला आलेली, माडिया आजीचा शब्द गायब, आणि भरतीची सगळी पोरं पत्ते खेळत होती. "समितीचे काम" जाऊन तिथं पत्त्यांचं खरं नाव आलेलं.

भाऊ मधोमध उभे. बडीशेप घोटणारा हात थांबलेला.

"माहा टॅग कोणी काढला?"

त्या आवाजात भाऊंना कधी कुणी ऐकलं नव्हतं. खोलीची किल्ली माझ्याकडं असायची, म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझे डोळे भरून आले. "भाऊ, मी नाही काढला."

"तू नाई म्हणतं तं नाई," ते लगेच म्हणाले, आणि खाली बसले.

त्याच वेळी अध्यक्ष आत आले. त्यांनी पोरांच्या पडद्यावरचे पत्ते पाहिले, मग कोपऱ्यातल्या मशीनवरचं नाव पाहिलं आणि घाईनं तिकडं पाठ केली. "वामनराव, असं असेल तर जत्रेची वाट कशाला बघायची? परवा समिती बसते आहे. कुलपाचंच बघू."

ते गेल्यावर पोरं एकेक करून बाहेर पडली. मी फडकं घेतलं आणि मशीन पुसायला लागले. दुसऱ्या मशीनवर, कधीतरी करायचे तसं, माझ्या नावानं आत गेले आणि मेनू उघडला. त्यात मी ठेवलेलं तेवढंच होतं. काहीच परत आलं नव्हतं.

"भाऊ," मी म्हटलं. "माझं नाही गेलं."

ते उठून आले. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकेल इतकं जवळ. "तू कसं लपवलंतं?"

"पोरखेळानं."

त्यांनी बराच वेळ इकडं तिकडं फाइली शोधल्या, आणि मग जे हसायला लागले ते थांबेनात. "बाप्पा! अवो बेटा, मी मशीनले टॅग लावला. अपडेट म्हणजे मशीनचा नवीन पार्ट. जुन्या पार्टासंगं माहा टॅग बी गेला कचऱ्यात! अन् तुह्या त्या खुणा तुह्या घरात आहेत, तुह्या नावाच्या फोल्डरात. तिथी अपडेटचा हात पोचत नाई." मग त्यांनी कानाला हात लावला. "एवढी वर्षं प्लांटात काढली, अन् टॅग मशीनलेच लावाचा हे डोक्यात बसलं. इथी तो ज्याच्या त्याच्या घरी लावाचा होता."

"पण मी तर पासवर्डच्या भीतीनं..."

"मंग भेवाचे आभार मान."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही एकेकाला बोलावलं. या वेळी खुर्चीवर मी आणि शेजारी भाऊ. भाऊंनी प्रत्येकाचं त्याच्या नावाचं नवं लॉगिन काढलं, आणि प्रत्येकाला तोच प्रश्न, तुला काय पाहिजे, काय नको. मी खूण काढायच्या आधी सांगायची आणि रांगेतली माणसं "दाबा" म्हणायची. एका भरतीच्या पोरानं स्वतःहून सांगितलं, "ताई, माझे पत्ते लपवा. परीक्षा झाल्यावर मी येतो मागायला." आजीचा शब्द पुन्हा लिहिताना मी एक अक्षर चुकवलं, ते आजीबरोबर आलेल्या बाईनं सांगितलं, आणि आजी माझ्या पाठीवर थाप मारून हसली.

समितीच्या दिवशी अध्यक्ष थोडे आधीच आले. खोली भरलेली होती. त्यांनी फिरून सगळे पडदे पाहिले. अभ्यासाला अभ्यास, अर्जाला अर्ज. ते कोपऱ्यातल्या मशीनपाशी थांबले. नियमाप्रमाणं त्यांनाही विचारणं भाग होतं, आणि भाऊ मुद्दाम खिडकीबाहेर ट्रक मोजत असल्यासारखे उभे होते. सगळ्या पोरांसमोर मी विचारलं, "साहेब, तुमच्या मेनूत काय ठेवू?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "समितीचं काम ठेवा."

"ठेवू का?"

"दाबा," अध्यक्ष म्हणाले.

पोरं खाली मान घालून खोकत होती. त्या दिवशी बैठकीत कुलपाचा विषय निघालाच नाही. कुणीतरी विचारलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले म्हणे, "त्या बाई विचारून काम करतात. बघू द्या त्यांनाच."

जत्रा झाली आणि भाऊ चंद्रपूरला गेले. गर्दी वाढली, तशी मला नवी शिस्त लावावी लागली. बाहेरच्या बाकावर क्रमानं बसायचं आणि अर्धा तास झाला की उठायचं. ही शिस्त मी लावली खरी, पण कुणाला उठवायचं म्हणजे आजही मी तीनतीनदा घड्याळ बघते.

मागच्या पावसाळ्यानंतर एका दुपारी मी मान वर केली तर बाकावर वामनभाऊ. भावाकडं काही कामासाठी आले होते. मी उठणार तेवढ्यात त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं. शेजारच्या नवीन पोरानं त्यांना विचारलं, "बाबा, पहिल्यांदा आले काय?" भाऊ म्हणाले, "हौ." तो त्यांना मेनू म्हणजे काय ते समजावून सांगायला लागला, आणि ते मन लावून ऐकत होते. नंबर आल्यावर ते आत आले, नातीचे फोटो उघडून बसले, आणि मोठे करून करून बघत राहिले. अर्धा तास झाला. मग थोडा जास्तच झाला. बाकावर दोन बाया खोळंबलेल्या. मी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. शेवटी मी त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले.

"भाऊ... वेळ झाली. उठावं लागेल."

ते झटकन उठले. इतके खूश झालेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खुर्ची रुमालानं पुसली, पुढच्या बाईला बसायला वाट दिली आणि दारात चपला घालता घालता तिला म्हणाले, "बस, बस. इथी बाईचंच चालते."